पाथ आखूड ठेवा: कमांड लाइनवर प्रोग्रामांच्या डिरेक्टऱ्या आणि शोधमार्ग कसे लावावेत

टर्मिनलमध्ये एखाद्या कमांडचे नाव लिहून एंटर दाबले म्हणजे शेल (आपण लिहिलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) संपूर्ण डिस्क धुंडाळत बसत नाही. नावात कुठेही स्लॅश नसेल, तर त्या नावाचे एलियस (कमांडचे टोपणनाव), फंक्शन किंवा शेलची अंगभूत कमांड आहे का, हे ते प्रथम पाहते. तसे काही नसेल तर ‘पाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे शेल आणि त्यातून चालणारे प्रोग्राम वाचतात अशा एका नोंदीत, कोलनने वेगळ्या केलेल्या डिरेक्टऱ्या डावीकडून उजवीकडे एकेक करून तपासते आणि त्या नावाची, चालवण्याची परवानगी असलेली पहिली फाइल मिळताच थांबते. पुढच्या डिरेक्टऱ्यांत त्याच नावाच्या आणखी चार फाइली असल्या तरी त्यांच्याकडे ते ढुंकूनही पाहत नाही. जुनीच आवृत्ती का चालते आहे, काल चालणारी कमांड आज का सापडत नाही, सुडो (प्रशासकाच्या, म्हणजे रूटच्या, अधिकारांनी कमांड चालवणारा प्रोग्राम) लावताच ती गायब का होते, अशा बहुतेक तक्रारींचे मूळ या एका नियमात असते.

नवा प्रोग्राम आला की त्याची डिरेक्टरी पाथला जोडून मोकळे व्हायचे, ही सवय इन्स्टॉलेशनच्या सूचनांमुळे लागते, कारण बहुतेक सूचनांच्या शेवटी तशी एक ओळ असतेच. प्रत्येक प्रोग्रामापुरती ती ओळ बरोबर असते, मात्र सगळ्या मिळून घोळ करतात. माझी शिफारस याच्या उलट आहे. प्रोग्राम आपल्या स्वतंत्र डिरेक्टरीत, आवृत्तीच्या आकड्यासह ठेवावा, पाथमध्ये मोजक्या आणि वर्षानुवर्षे न बदलणाऱ्या डिरेक्टऱ्याच असाव्यात, आणि या दोहोंना जोडण्याचे काम लिंकांनी, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे किंवा डिरेक्टरीकडे नेणाऱ्या नावांनी, करावे. प्रोग्राम राहतो कुठे आणि सापडतो कुठून, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की पुढची व्यवस्था सोपी होते. ही रीत मुख्यतः लिनक्स आणि त्यावरचे नेहमीचे शेल बॅश डोळ्यांसमोर ठेवून सांगितली आहे. मॅक आणि विंडोज यांच्याविषयी जे वेगळे आहे ते शेवटाकडे येईल.

वाचण्यापूर्वी एक सूचना. इथे कमांड आणि डिरेक्टऱ्यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत (1, 2, 3) टाइप करावीत. यूएसआर, ईटीसी, एलएन अशी जी नावे अक्षरे सुटी करून वाचली जातात, ती तशीच सुट्या अक्षरांची आहेत. पाथ आणि होम ही व्हेरिएबले मात्र पूर्णपणे मोठ्या अक्षरांत असतात, आणि लिनक्स लहान-मोठ्या अक्षरांत भेद करते.

आधी आहे ते पाहावे

काहीही बदलण्यापूर्वी सध्याचा पाथ वाचावा. ‘एको $पाथ’ ही कमांड तो एका सलग ओळीत दाखवते, पण लांब पाथ तसा वाचणे त्रासाचे असते, म्हणून कोलनच्या जागी नवी ओळ टाकून घ्यावी:

एको "$पाथ" | टीआर ':' '\एन'

आता प्रत्येक ओळीवर एक डिरेक्टरी दिसेल. नव्याने बसवलेल्या उबुंटूवर (हा लिनक्सचा एक प्रकार) /यूएसआर/लोकल/एसबिन, /यूएसआर/लोकल/बिन, /यूएसआर/एसबिन, /यूएसआर/बिन, /एसबिन, /बिन आणि त्यांच्यामागे खेळांच्या व स्नॅपच्या डिरेक्टऱ्या असतात. या यादीत तीन गोष्टी शोधाव्यात: दोनदा आलेली नोंद, अस्तित्वात नसलेली डिरेक्टरी आणि रिकामी ओळ. पहिल्या दोन फक्त पसारा वाढवतात. रिकामी ओळ मात्र धोक्याची आहे; तिचे कारण पुढे क्रमाच्या चर्चेत येईल.

एखादी कमांड नेमकी कुठून चालते हे पाहण्यासाठी ‘टाइप -ए पायथन३’ असे लिहावे. ‘व्हिच’ ही कमांड अनेकांच्या बोटांत बसलेली असते, पण बॅशमध्ये ती सहसा बाहेरचा स्वतंत्र प्रोग्राम असल्यामुळे शेलच्या पोटातली एलियस, फंक्शने आणि अंगभूत कमांड तिला दिसत नाहीत. ‘टाइप’ शेलचीच असल्याने ती खरे उत्तर देते, आणि ‘-ए’ लावल्यास त्या नावाचे सगळे दावेदार क्रमाने सांगते. स्क्रिप्टमध्ये हेच तपासायचे असेल तर ‘कमांड -व्ही’ वापरावी, कारण ती पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामायिक प्रमाणात आहे आणि बॅश नसलेल्या शेलमध्येही चालते.

‘टाइप -ए’ च्या उत्तरात एकच प्रोग्राम /यूएसआर/बिन आणि /बिन अशा दोन्हीकडे दिसला तर बिचकू नये. बेल लॅब्जमध्ये युनिक्स पीडीपी-११ यंत्रांवर चालत असताना मूळ डिस्क भरली, आणि वापरणाऱ्यांच्या होम डिरेक्टऱ्या जिथे होत्या त्या दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे /यूएसआर मध्ये, उरलेले प्रोग्राम गेले. जागेच्या टंचाईतून पडलेली ही फाळणी पुढे कित्येक दशके नियम म्हणून पाळली गेली. फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने २०१२ साली आपल्या १७व्या आवृत्तीत ती मिटवली, आणि डेबियन या दुसऱ्या प्रकाराने २०२३ मधील १२व्या आवृत्तीत एकत्रीकरण सर्वांना लागू केले. आता /बिन ही /यूएसआर/बिन कडे नेणारी लिंक असते, त्यामुळे दोन उत्तरे दिसली तरी फाइल एकच असते.

प्रोग्राम कोणाचा, त्यावर जागा

लिनक्समधील डिरेक्टऱ्यांच्या रचनेचे एक लिखित प्रमाण आहे. त्याचा पहिला अवतार १९९४ साली आला आणि ३.० ही आवृत्ती २०१५ साली. ते सगळे पाठ करण्याची गरज नाही. हा प्रोग्राम पुढे कोण काढून टाकणार, एवढा एक प्रश्न विचारला की जागा आपोआप ठरते.

/यूएसआर/बिन ही डिरेक्टरी पॅकेज मॅनेजरची, म्हणजे प्रोग्राम बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या यंत्रणेची, आहे. एपीटी किंवा डीएनएफ तिथे फाइली ठेवतात, त्यांची नोंद ठेवतात आणि त्याच त्या काढतात. तिथे हाताने काहीही ठेवू नये आणि तिथले काही हाताने बदलू नये. पुढच्या अपडेटमध्ये आपली फाइल विनासूचना पुसली जाईल किंवा अपडेट अर्ध्यावर अडेल. संपूर्ण यंत्रासाठी आपण स्वतः स्रोतापासून बांधलेले प्रोग्राम /यूएसआर/लोकल मध्ये जातात, आणि ‘मेक इन्स्टॉल’ बहुधा न सांगताच तिथे पाठवते. ज्याच्या पोटात स्वतःचे बिन, लिब आणि इतर सगळे आहे असा एकगठ्ठा प्रोग्राम, म्हणजे टारच्या (अनेक फाइली एकत्र बांधलेल्या) गठड्यातून आलेला जेडीके (जावा भाषेचा साधनसंच) किंवा एखादे मोठे व्यावसायिक सॉफ्टवेअर, /ऑप्ट मध्ये ठेवावा. आणि जे केवळ आपल्या खात्यापुरते आहे, ज्यासाठी सुडोची गरज पडू नये, ते होम डिरेक्टरीतल्या .लोकल मध्ये ठेवून त्याची कमांड ~/.लोकल/बिन मधून द्यावी. पायथनचा पिप ‘--युझर’ लावल्यावर हीच जागा वापरतो. रस्टचा कार्गो आणि गो मात्र अनुक्रमे ~/.कार्गो/बिन आणि ~/गो/बिन असा आपापला वेगळा संसार मांडतात. त्यांतून रोज लागणाऱ्या दोन-चार कमांडच्या लिंका ~/.लोकल/बिन मध्ये केल्या तर पाथ वाढवावा लागत नाही. ज्याला रोज त्याच भाषेत काम करायचे आहे त्याने ती एक डिरेक्टरी पाथमध्ये जोडली तरी काही बिघडत नाही.

दोन जेडीके, एक ‘जावा’

समजा, एकाच यंत्रावर जेडीकेच्या १७ आणि २१ या दोन दीर्घकालीन आवृत्त्या हव्या आहेत, कारण जुना प्रकल्प पहिलीवर अडला आहे आणि नवा दुसरीवर चालतो. दोन्ही गठडे उलगडून /ऑप्ट/जेडीके-१७ आणि /ऑप्ट/जेडीके-२१ अशा डिरेक्टऱ्या कराव्यात. नावात आकडा असणे आवश्यक आहे; नुसत्या ‘जेडीके’ नावाच्या खऱ्या डिरेक्टरीवर नवी आवृत्ती उलगडली की जुन्या आणि नव्या फाइलींची खिचडी होते आणि ती निवडून काढता येत नाही. त्यानंतर चालू आवृत्तीकडे बोट दाखवणारी एक लिंक करावी:

सुडो एलएन -एसएफएन /ऑप्ट/जेडीके-२१ /ऑप्ट/जेडीके

आणि कमांडसाठी दुसरी, जी पुन्हा कधीही बदलावी लागणार नाही:

सुडो एलएन -एस /ऑप्ट/जेडीके/बिन/जावा /यूएसआर/लोकल/बिन/जावा

‘जावासी’ साठीही दुसऱ्या ओळीप्रमाणेच लिंक करावी. उद्या १७ वर परत जायचे झाल्यास पहिली ओळ फक्त आकडा बदलून पुन्हा चालवायची; पाथला, .बॅशआरसीला किंवा इतर कोणत्याही फाइलीला हात लावावा लागत नाही.

पहिल्या ओळीतले ‘एन’ हे अक्षर गाळू नये. ते नसेल आणि /ऑप्ट/जेडीके ही लिंक आधीपासून असेल, तर ‘एलएन’ तिला डिरेक्टरी समजते, तिच्या आत शिरते आणि नवी लिंक जुन्या जेडीकेच्या पोटात करून ठेवते. एरर येत नाही, कमांड यशस्वी झाल्यासारखी परतते, आणि ‘जावा -व्हर्जन’ मात्र जुनाच आकडा सांगत राहते. लिंक खरोखर कुठे पोहोचते हे पाहायचे असेल तर ‘रीडलिंक -एफ /यूएसआर/लोकल/बिन/जावा’ असे विचारावे. मधल्या सगळ्या लिंका ओलांडून ती अखेरच्या फाइलीचा पूर्ण पत्ता छापते.

काही प्रोग्राम लिंकमधून चालवले की रुसतात. ते बहुधा शेल स्क्रिप्टच्या रूपात असतात आणि आपल्याला ज्या नावाने हाक मारली त्या नावावरून स्वतःची डिरेक्टरी ओळखू पाहतात. /यूएसआर/लोकल/बिन मधून हाक आली की आपल्या फाइली तिथेच शोधतात आणि त्या नाहीत म्हणून थांबतात. अशा वेळी लिंकेच्या जागी दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवावी:

#!/बिन/एसएच
एक्झेक /ऑप्ट/अमुक/बिन/अमुक "$@"

हिला ‘सीएचमॉड +एक्स’ ने चालण्याची परवानगी द्यावी. ‘एक्झेक’ मुळे मधले शेल मागे रेंगाळत नाही, त्याची जागा मूळ प्रोग्रामच घेतो, त्यामुळे कंट्रोल-सीसारखे सिग्नल आणि शेवटचा एक्झिट कोड बरोबर ठिकाणी पोहोचतात. अवतरणचिन्हांतले "$@" दिलेली सगळी आर्ग्युमेंटे जशीच्या तशी पुढे देते. अवतरणे काढली तर ‘माझी फाइल’ असे मधे मोकळी जागा असलेले नाव तुटून दोन फाइलींची नावे बनतात. जावा होम यासारखे एखादे व्हेरिएबल केवळ त्याच प्रोग्रामाला हवे असेल तर तेही याच स्क्रिप्टमध्ये ‘एक्झेक’ च्या वरच्या ओळीत ‘एक्स्पोर्ट’ करून द्यावे. संपूर्ण सेशनभर पसरवण्यापेक्षा ते तिथेच बंदिस्त राहिलेले चांगले.

लिंकांचे हे काम हाताने करायचे नसेल तर ग्नू स्टो नावाचे लहानसे साधन डिरेक्टरीच्या डिरेक्टरीच्या लिंका करून देते आणि तितक्याच नेटकेपणे काढते. डेबियन घराण्यात ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ ही कमांड याच तत्त्वावर चालते. दहा-बारा प्रोग्रामांपर्यंत मला हाताने केलेल्या लिंकाच पुरेशा वाटतात, कारण ‘एलएस -एल’ च्या एका नजरेत सगळा हिशेब दिसतो.

बेल लॅब्जमधूनच पुढे आलेल्या प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिमने तर पाथची लांबण मुळातच नाकारली. तिथे हव्या त्या डिरेक्टऱ्या ‘बाइंड’ करून एकाच /बिन वर चढवतात, आणि शेलला चालू डिरेक्टरी आणि /बिन एवढेच शोधावे लागते. आपण लिंकांनी करतो ते याच कल्पनेचे गरिबाघरचे रूप आहे.

क्रम

पाथमध्ये डावीकडचा जिंकतो, म्हणून नवी डिरेक्टरी पुढे जोडायची की मागे, हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. ‘पाथ="$होम/.लोकल/बिन:$पाथ"’ असे लिहिले तर आपली कमांड यंत्राच्या कमांडवर मात करते; ‘पाथ="$पाथ:$होम/.लोकल/बिन"’ असे लिहिले तर आपली कमांड सर्वांत शेवटी विचारली जाते. स्वतःच्या खात्यात मी पहिला पर्याय निवडतो, कारण आपण मुद्दाम नवी आवृत्ती आणली तर तीच चालावी, ही अपेक्षा रास्त आहे. त्यासोबत एक पथ्य पाळावे लागते: यंत्राच्या नेहमीच्या कमांडची नावे आपल्या स्क्रिप्टांना देऊ नयेत. ‘सॉर्ट’ नावाची आपली स्क्रिप्ट पुढे बसली की ‘सॉर्ट’ वर विसंबून असलेली दुसऱ्या कोणाची तरी स्क्रिप्ट अनाकलनीय रीतीने बिघडते.

याची उलट बाजू नवशिक्यांना हमखास भेटते. पहिला प्रोग्राम लिहून त्याला ‘टेस्ट’ हे नाव दिले जाते, ‘टेस्ट’ टाइप केले जाते, आणि काहीच होत नाही. एररही नाही, आउटपुटही नाही. ‘टेस्ट’ ही शेलची अंगभूत कमांड आहे आणि ती पाथपर्यंत पोहोचूच देत नाही. ‘./टेस्ट’ असे स्लॅशसह लिहिले की शोध होत नाही आणि थेट ती फाइल चालते.

मग चालू डिरेक्टरी, म्हणजे एकच टिंब, पाथमध्ये घालून ‘./’ चे कष्ट वाचवावेत का? घालू नये. सर्वांना लिहिता येणाऱ्या /टेम्प मध्ये किंवा सामायिक सर्व्हरवरच्या एखाद्या डिरेक्टरीत कोणी ‘एलएस’ नावाची स्क्रिप्ट ठेवली असेल, आणि आपल्या पाथमध्ये टिंब पुढे असेल, तर तिथे जाऊन ‘एलएस’ म्हणताच ती स्क्रिप्ट आपल्या अधिकारांनी चालते. टिंब शेवटी ठेवले तरी ‘एलएस’ ऐवजी घाईत ‘एसएल’ टाइप होण्याची वाट पाहणारी फाइल तिथे असू शकते. रिकाम्या नोंदीचा धोका तो हाच: दोन कोलन लागोपाठ आले, किंवा पाथच्या सुरुवातीला वा शेवटी सुटा कोलन राहिला, तर त्या रिकाम्या जागेचा अर्थ चालू डिरेक्टरी असा घेतला जातो. ‘पाथ="$अमुक:$पाथ"’ असे लिहिले आणि ‘अमुक’ हे व्हेरिएबल रिकामे निघाले की असा कोलन नकळत सुरुवातीला येऊन बसतो.

कोणत्या फाइलीत लिहावे

या प्रश्नावर सर्वाधिक गोंधळ आहे, आणि तो बॅशच्या जुन्या वागणुकीतून आला आहे. लॉगिन करताना बॅश आपल्या होम डिरेक्टरीत .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन आणि .प्रोफाइल या क्रमाने शोधते आणि पहिली सापडेल तेवढीच वाचते. टर्मिनलची नवी खिडकी उघडल्यावर, लॉगिन नसताना, ते .बॅशआरसी वाचते. पाथ एकदा ठरला की तो मुलांकडे, म्हणजे त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामाकडे, वारशाने जातो. म्हणून त्याची योग्य जागा लॉगिनची फाइल, बहुतेक यंत्रांवर .प्रोफाइल, ही आहे. .बॅशआरसी मध्ये लिहिले तरी चालते, पण शेलच्या आत शेल उघडले की तीच नोंद पुन्हा जोडली जाते.

हे टाळण्यासाठी नोंद आधीपासून आहे का ते तपासून मगच जोडावी:

केस ":$पाथ:" इन
*":$होम/.लोकल/बिन:"*) ;;
*) पाथ="$होम/.लोकल/बिन:$पाथ" ;;
एसॅक

दोन्ही टोकांना जास्तीचे कोलन लावण्याचे कारण असे, की पहिली, मधली आणि शेवटची अशी प्रत्येक नोंद मग दोन कोलनांच्या मध्ये येते आणि एकाच नमुन्याने सापडते. पाथ आधीच एक्स्पोर्ट झालेला असतो, त्यामुळे ‘एक्स्पोर्ट’ पुन्हा लिहिले नाही तरी चालते. होम डिरेक्टरीसाठी अवतरणचिन्हांच्या आत ~ वापरू नये. अवतरणात तिचा विस्तार होत नाही, आणि बॅश स्वतः जरी समजून घेत असले तरी इतर प्रोग्राम त्या नावाची खरोखरची डिरेक्टरी शोधतात.

उबुंटू आणि डेबियनवर एक गोष्ट हमखास चकवते. तिथल्या .प्रोफाइल मध्ये ~/.लोकल/बिन जोडणाऱ्या ओळी तयारच असतात, पण लॉगिनच्या क्षणी ती डिरेक्टरी अस्तित्वात असेल तरच त्या लागू होतात. डिरेक्टरी आज केली, तिच्यात स्क्रिप्ट ठेवली आणि ‘कमांड सापडली नाही’ असे उत्तर आले, तर काही बिघडलेले नाही. लॉगआउट करून परत यावे.

सगळ्या वापरणाऱ्यांसाठी पाथ बदलायचा असेल तर /ईटीसी/प्रोफाइल.डी मध्ये .एसएच शेपटाची एक लहान फाइल ठेवावी. /ईटीसी/एन्व्हायर्नमेंट ही फाइल दिसायला तशीच असली तरी ती स्क्रिप्ट नाही. तिच्यात ‘$पाथ’ लिहिल्यास त्याचा विस्तार होत नाही.

आणि ‘$पाथ’ लिहायचेच राहून गेले, नुसती आपली एक डिरेक्टरी पाथमध्ये राहिली, तर ‘एलएस’ सुद्धा सापडेनासे होते. अशा वेळी पूर्ण पत्ता देऊन काम चालवावे: ‘/यूएसआर/बिन/नॅनो ~/.प्रोफाइल’ असे लिहून फाइल उघडावी आणि दुरुस्त करावी. स्लॅश असलेल्या नावाला पाथ लागत नाही.

बदल केल्यावर

बॅश एकदा सापडलेल्या कमांडचा पत्ता लक्षात ठेवते. त्यामुळे /यूएसआर/बिन मधला एखादा प्रोग्राम काढून तोच /यूएसआर/लोकल/बिन मध्ये बसवला, तर त्याच खिडकीत काही वेळ ‘/यूएसआर/बिन/अमुक: अशी फाइल वा डिरेक्टरी नाही’ असे उत्तर येते, आणि माणूस इन्स्टॉलेशन पुन्हा करू लागतो. ‘हॅश -आर’ लिहिले की ही आठवण पुसली जाते.

टर्मिनलमध्ये चालणारी स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या सेवेतून, चालत नाही, ही तक्रारही पाथचीच असते. क्रॉन आपले .प्रोफाइल वाचत नाही. डेबियनवर त्याचा मूळ पाथ /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या फाइलीच्या) सुरुवातीला ‘पाथ=’ अशी ओळ पूर्ण पत्त्यांसह द्यावी; तिथेही व्हेरिएबलाचा विस्तार होत नाही. सुडोचे वागणे मात्र हेतुपुरस्सर तसे असते. /ईटीसी/सुडोअर्स मध्ये ‘सिक्युअर पाथ’ म्हणून दिलेली यादी तो वापरतो आणि आपला पाथ बाजूला ठेवतो, म्हणजे कोणाच्या होम डिरेक्टरीतला प्रोग्राम चुकून रूटच्या अधिकारांनी चालू नये. तिथे आपली ~/.लोकल/बिन घुसवण्याचा मोह आवरावा. प्रोग्राम रूटने चालवण्याच्या लायकीचा असेल तर त्याची जागा /यूएसआर/लोकल/बिन मध्ये आहे. डेबियन १० पासून नुसते ‘एसयू’ केल्यावर एसबिनच्या डिरेक्टऱ्या पाथमध्ये येत नाहीत; ‘एसयू -’ असे आडव्या रेघेसह लिहावे लागते.

मॅक आणि विंडोज

मॅकवर २०१९ पासून झेडएसएच हे मूळ शेल आहे, म्हणून नोंद .झेडप्रोफाइल मध्ये करावी. .झेडएसएचएन्व्ही मध्ये केलेली नोंद नंतर धावणारा ‘पाथ_हेल्पर’ मागे ढकलतो आणि /ईटीसी/पाथ्स मधल्या डिरेक्टऱ्या पुढे आणतो. क्रम उलटा का झाला याचा उलगडा त्यामुळे लवकर होत नाही. होमब्रू (मॅकवरचा पॅकेज मॅनेजर) इंटेलच्या यंत्रांवर /यूएसआर/लोकल वापरते आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपवर /ऑप्ट/होमब्रू, त्यामुळे जुन्या मॅकवरून उचललेल्या स्क्रिप्टांतील पत्ते तपासून घ्यावेत.

विंडोजचा पाथ डॉसमधून आला. डिरेक्टऱ्या आणि पाथ या दोन्ही गोष्टी एमएस-डॉसमध्ये १९८३ च्या २.० आवृत्तीत आल्या, आणि कमांडच्या ओळीला १२७ अक्षरांची मर्यादा असल्यामुळे त्या काळच्या जाणत्या वापरणाऱ्यांना पाथ आखूड ठेवावाच लागे. सी:\बॅट अशा एका डिरेक्टरीत लहान बॅच फाइली ठेवून त्यांच्याकरवी दूरचे प्रोग्राम चालवण्याची युक्ती तेव्हाचीच, आणि ती आजही उत्तम आहे. सी:\टूल्स\बिन अशी एक डिरेक्टरी करावी, ती पाथमध्ये एकदाच जोडावी, आणि प्रत्येक प्रोग्रामासाठी .सीएमडी शेपटाची, मूळ .ईएक्सईचा पूर्ण पत्ता आणि त्यापुढे ‘%*’ लिहिलेली, एका ओळीची फाइल तिच्यात ठेवावी. विंडोजवर सिम्बॉलिक लिंक करायला ॲडमिनचे अधिकार किंवा डेव्हलपर मोड लागतो, म्हणून तिथे ही फाइल लिंकेपेक्षा सोयीची पडते.

पाथ बदलण्यासाठी ‘सेटएक्स’ वापरू नये, असे मी स्पष्ट सांगेन. ती कमांड १०२४ अक्षरांपुढचा भाग कापून टाकते, आणि ‘%पाथ%’ देऊन वापरली तर यंत्राचा आणि आपल्या खात्याचा असे दोन्ही पाथ एकत्र करून खात्याच्या पाथमध्ये ओतते. सेटिंगमधली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांची खिडकी प्रत्येक नोंद वेगळ्या ओळीवर दाखवते; तिथेच बदल करावा. यंत्राचा पाथ नेहमी खात्याच्या पाथच्या आधी येतो, त्यामुळे लिनक्ससारखे आपल्या डिरेक्टरीला पुढे बसवणे इथे सहज शक्य नसते. विंडोजच्या दोन शेलांपैकी सीएमडी चालू डिरेक्टरीत आधी शोधते, तर पॉवरशेल तसे करत नाही आणि ‘.\’ मागते. कोणती फाइल चालेल हे ‘व्हेअर’ सांगते, पण पॉवरशेलमध्ये त्याच नावाचे एलियस असल्याने ‘व्हेअर.ईएक्सई’ असे पूर्ण लिहावे.

देवनागरी नावे

लिनक्सवर आपल्या स्क्रिप्टला ‘जतन’ असे देवनागरी नाव देऊन ते टर्मिनलमध्ये टाइप करून चालवता येते. फाइलीचे नाव म्हणजे लिनक्सच्या लेखी केवळ बाइटांची माळ. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, म्हणजे ८५ चिन्हे, तीही मात्रा आणि हलन्त धरून. अडचण वेगळीच आहे. ‘ऱ्या’ तला अर्धा र एका कीबोर्डवर नुक्त्याच्या ऱ पासून बनतो, तर दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा जोडक जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट वेगळे असतात, आणि शेल ‘कमांड सापडली नाही’ म्हणून मोकळे होते. देवनागरी नाव द्यायचेच असेल तर हे जोडाक्षर नसलेले निवडावे.

काढून टाकताना

या रचनेचा खरा फायदा प्रोग्राम काढताना मिळतो. /ऑप्ट/जेडीके-१७ नको झाले तर ती डिरेक्टरी काढायची, बस. मात्र काढण्यापूर्वी ‘एलएस -एल /ऑप्ट’ पाहून चालू लिंक तिच्याकडेच बोट दाखवत नाही ना, याची खात्री करावी. मागे राहिलेल्या, कुठेच न पोहोचणाऱ्या लिंका शोधण्यासाठी ग्नूच्या ‘फाइंड’ ला एक सोय आहे:

फाइंड /यूएसआर/लोकल/बिन ~/.लोकल/बिन -एक्सटाइप एल

जी नावे छापली जातील त्या लिंका निर्धास्तपणे काढाव्यात. एकच अपवाद लक्षात ठेवावा: लिंक बाहेरच्या डिस्ककडे किंवा नेटवर्कवरच्या डिरेक्टरीकडे नेत असेल आणि ती त्या वेळी माउंट नसेल, तर तीही या यादीत येते. त्यामुळे आधी नुसती यादी छापून वाचावी आणि ‘-डिलीट’ हा पर्याय नंतरच जोडावा.